कुणीही येऊ नये असं ठिकाण

"लग्नाची जागा शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडणारा माणूस मानवजातीने आजवर पाहिलेला नाही," मोरेश्वररावांनी घोषणा केली. "तो आता पाहील."

मानवजात त्या वेळी बॉस्टनजवळच्या श्रूजबरी गावातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दोडक्याच्या शिरा काढत होती. तिचं नाव मृणालिनी. मोरेश्वरराव डिशवॉशर रिकामा करत होते, आणि घोषणेच्या भरात त्यांनी चहाची गाळणी चमच्यांच्या खणात टाकली होती.

"गाळणी वरच्या हुकला," मानवजात म्हणाली. "मग काय दाखवायचं ते दाखवा."

लग्न चारुताचं होतं. चारुता ही त्यांची एकुलती एक मुलगी, नोकरीला बॉस्टनमध्ये. नवरा मुलगा यश, वाढलेला पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडच्या पावसात, त्यामुळे स्वभावाने अतिशय थंड डोक्याचा. दोघांनी ठरवलं होतं की लग्न इटलीत करायचं, छोटं करायचं, चाळीस माणसांत करायचं. इटलीशी दोघांचाही काडीचा संबंध नव्हता, आणि त्यांच्या मते इटलीचा तोच मोठा गुण होता. यशच्या घरून निरोप आला होता, "आम्ही सहा जण आहोत, कुठे यायचं तेवढं सांगा." व्याही इतके समंजस निघाल्यामुळे मृणालिनीबाईंना त्यांचा थोडा संशयच येत होता.

जागा शोधायचं काम चारुताने वडिलांना दिलं. निवृत्त माणसाला काही तरी द्यावं लागतं. वर एक अटही घातली.

"बाबा, चाळीसच्या वर एक जरी माणूस झाला ना, तर मी आणि यश टाउन हॉलमध्ये जाऊन सह्या करू. आय ॲम सीरियस. तुला फोटो पाठवीन."

दुरून बघण्याचा अनुभव मोरेश्वररावांनी एकदा घेतला होता. चारुताचं पदवीदान ऐन साथीच्या वर्षात झालं होतं. ते त्यांनी कोट-टाय घालून लॅपटॉपसमोर बसून पाहिलं. नेमकं तिचं नाव पुकारलं आणि चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा पडद्यावर कुणी एक उंच मुलगा टोपी सावरत होता. मोरेश्वररावांनी भांबावून त्याच्यासाठीच टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की पोरीचं लग्न मात्र आपण आपल्या डोळ्यांनी, हाताच्या अंतरावरून बघायचं. बाकी काही नको.

अडचण एकच होती. श्रूजबरी आणि आसपासच्या गावांतली सगळी मराठी मंडळी.

"बोलावणं सगळ्यांना जाणार," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आणि आग्रहाचं जाणार. शैलानं चारुताला जन्मातलं पहिलं इंजेक्शन दिलंय. तिला काय सांगू, तू चाळिसात बसत नाहीस?"

या मंडळींनी चाळीस वर्षं एकमेकांच्या दारातला बर्फ उपसला होता, एकमेकांच्या तळघरांत मुंजी लावल्या होत्या आणि एकमेकांच्या मुलींची भरतनाट्यं शेवटच्या तिल्लान्यापर्यंत सहन केली होती. त्यांना लग्नाचं बोलावणं न देणं म्हणजे गाव सोडून जाण्याची तयारी ठेवणं.

पण मोरेश्वरराव जन्मभर वाहतूक अभियंता होते. हायवेला कुठे फाटा फोडायचा, कुठलं वळण बंद करायचं, यात त्यांची हयात गेली होती. माणसं कुठून येऊ नयेत हे ठरवण्याचा त्यांच्याइतका अनुभव अख्ख्या मराठी मंडळात कुणाला नव्हता.

"हे बघ," त्यांनी गाळणी हुकला लावत समजावलं, "'इकडे येऊ नका' अशी पाटी लावली की माणूस मुद्दाम तिकडेच जातो. पण रस्ताच अवघड केला, तर तो आपणहून म्हणतो, जाऊ दे, मरू दे. तेव्हा जागा अशी हवी की सगळ्यांना मनापासून बोलावता येईल, आणि कुणालाही येता येणार नाही."

"आणि आपण कसे जाणार?"

"आपण नवरीचे आईबाप आहोत. आपण कष्ट घेऊ."

मग मोरेश्वरराव कामाला लागले. जगात लोक इटलीतल्या जागा ज्या क्रमाने बघतात त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने त्यांनी त्या पाहायला घेतल्या. तस्कनीतला एक सुंदर वाडा पार्किंगमुळे बाद झाला. तळ्याकाठचं एक हॉटेल विमानतळापासून तासाभरावर निघालं, तेही बाद. फ्लॉरेन्सजवळच्या एका जागी मालकाने हौसेने सांगितलं की आमच्याकडे पनीरसुद्धा मिळतं. मोरेश्वररावांनी फोन असा ठेवला जणू विंचू चावला.

शेवटी त्यांना मोन्तेफ्रेद्दो नावाचं गाव सापडलं. एका सुळक्याच्या टोकावर चार घरं, एक चर्च आणि एक खानावळवजा हॉटेल. हॉटेलच्या मालकीणबाईंशी ते स्वतः फोनवर बोलले.

"तुमच्याकडे लिफ्ट आहे का?"

"नाही हो साहेब," बाई ओशाळून म्हणाल्या. "गाव फार जुनं आहे."

"उत्तम! गाडी दारापर्यंत येते?"

"नाही. खाली थांबते. पुढे पायऱ्या आहेत. पण तुम्ही काळजी करू नका, माझ्या भाच्याचं गाढव..."

"गाढव नको!" मोरेश्वरराव घाबरून म्हणाले. "भाच्याला म्हणावं, कृपा करून गाढव घरीच ठेव. गरम पाणी?"

"सकाळी थोडं असतं."

"संपतं ना पण?"

"संपतं," बाई रडवेल्या झाल्या. "साहेब, तुम्हाला दुसरं एखादं चांगलं हॉटेल सुचवू का?"

"बाई, चाळीस वर्षं मी अशाच जागेच्या शोधात होतो," मोरेश्वरराव म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे जागा ठरवून टाकली.

चारुताने फोटो पाहिले. "सो पीसफुल!" म्हणाली. निमंत्रणं गेली. मोरेश्वररावांनी मजकूर स्वतः लिहिला होता. वर गणपती, खाली आग्रह, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत: 'विवाहस्थळी वाहन, लिफ्ट व चहा यांची सोय नाही. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी गैरसोय करून घेऊ नये. शुभाशीर्वाद दुरूनही पोहोचतात.'

दुपारच्या आत शैलाचा फोन आला. डॉक्टर शैला म्हणजे मंडळाच्या माजी अध्यक्ष आणि गावातल्या निम्म्या पोरांच्या डॉक्टर. समोरच्याला आजही आधी जीभ बाहेर काढायला लावतील की काय असं वाटे.

"मोरेश्वर, हे गुडघ्यांचं माझ्यासाठी लिहिलंस ना?"

"छे छे! सर्वसाधारण सूचना आहे, शैला."

"माझे दोन्ही गुडघे नवे आहेत. टायटॅनियमचे. ते काय मी कॉस्टकोच्या दुकानात फिरायला बसवून घेतले?"

"तसं नव्हे, पण पायऱ्या फार..."

"किती का असेनात. चारुताचं लग्न आहे. मी रांगत येईन. समजलास?"

समजले. संध्याकाळी अतुल घरी आला. अतुल मंडळातला उत्साही माणूस. पन्नाशीचा असला तरी या पिढीत तो पोरगाच. त्याला स्वतःला कुठे जायचं नसे, पण दुसऱ्यांची तिकिटं काढून दिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

"काका, ग्रुप काढला व्हॉट्सॲपवर. 'चलो मोन्तेफ्रेद्दो'. तुम्हाला ॲडमिन केलंय."

"अरे, पण तिथे खायला काही मिळत नाही. चहासुद्धा नाही!"

"तीच तर मजा आहे, काका! आपण सगळं इथून न्यायचं. दशम्या, मेतकूट, डिंकाचे लाडू. फराळ समिती झालीसुद्धा. लोक म्हणतात, इतकी वर्षं नुसती हॉटेलातली लग्नं बघून कंटाळा आला होता, पहिल्यांदाच कुणी तरी विचार करून जागा निवडली."

मोरेश्वररावांनी विचार करून निवडलेली जागा आठवड्याभरात चाळीसची मर्यादा ओलांडून तिच्या दुप्पट पुढे गेली होती. सुदैवाने चारुता व्हॉट्सॲपवरच्या मंडळींपासून चार हात लांब असायची.

"वळण पुरेसं अवघड नव्हतं," मोरेश्वरराव बायकोला म्हणाले. "चूक माझी आहे. मी डोंगरावर अवलंबून राहिलो. मराठी माणूस डोंगराला घाबरत नाही. तो कशाला घाबरतो ते शोधायला हवं."

"कशाला?"

दोन दिवस विचार केल्यावर त्यांना उत्तर मिळालं. मराठी माणूस गप्प बसायला घाबरतो.

सान्ता पिया नावाचं एक बेट होतं. समुद्र शांत असेल तरच बोट जायची. धक्क्यावरून वर चढायला पायऱ्या होत्याच. वर एकच इमारत, ख्रिस्ती जोगिणींचा जुना मठ. मठाच्या भिंतीच्या आत एक शब्द बोलायचा नाही असा शेकडो वर्षांचा नियम. बोलायचंच तर भिंतीबाहेर लिंबांची बाग होती, तिथे हळू आवाजात बोलायला परवानगी होती. यशला ही जागा भयंकर आवडली. तो म्हणाला, "परफेक्ट." एरवीही तो तेवढंच बोले.

निमंत्रण बदललं. खाली बारीक अक्षरांत नवी सूचना: 'विवाहस्थळी निवासकाळात संपूर्ण मौन पाळणे बंधनकारक आहे.'

मोरेश्वरराव फोनजवळ बसून राहिले. दिवसभर फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते मृणालिनीबाईंना म्हणाले, "बघ. शास्त्र."

तिसऱ्या दिवशी अतुल आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"मंडळातल्या सगळ्यांना विपश्यना करायची होती, कित्येक वर्षांपासून! वेळच मिळत नव्हता. आणि तुम्ही लग्नातच बसवलीत. काका, ट्रेक, क्रूझ आणि विपश्यना, थ्री इन वन! अर्विंगहून माझी चुलत बहीण येतेय तिच्या ग्रुपला घेऊन. टेक्सासमध्येसुद्धा पोहोचलंय हे. दोन बसेस कराव्या लागल्या. आज सगळ्यांची तिकिटं काढून टाकली."

"मंगलाष्टकं?" मोरेश्वरराव क्षीण आवाजात म्हणाले. "गप्प बसून मंगलाष्टकं कशी म्हणणार?"

"मनातल्या मनात! शैला मावशी म्हणाल्या, उलट बरंच, कोणी सुरात नसतं."

त्या रविवारी चारुता बॉस्टनहून घरी यायला निघाली आणि वाटेत हायस्कूलच्या मैदानाशी तिने गाडी थांबवली. मैदानाच्या कडेला प्रेक्षकांसाठी लोखंडी पायऱ्या आहेत. त्यांवरून साठी-सत्तरीतली पाऊणशे माणसं एका रांगेत, तोंडातून अवाक्षर न काढता चढत-उतरत होती. सगळ्यांच्या अंगात भगवे टी-शर्ट होते. टी-शर्टवर लिहिलं होतं, 'चारुता वेड्स यश. सान्ता पिया. शू...' रांगेच्या टोकाला शैला मावशी होत्या. त्यांनी चारुताला पाहिलं, पण मौनाचा सराव चालू असल्यामुळे नुसता हवेत हात उंचावून आशीर्वाद दिला.

घरी आल्यावर चारुताने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे सोफ्यावर बसली.

"किती लोक आहेत, बाबा?"

"नक्की आकडा अतुलकडे..."

"बाबा."

"दोन बस भरून," मोरेश्वरराव म्हणाले.

"ओके. मग टाउन हॉल. मी आणि यश, दॅट्स इट. मला नाही जमत रे बाबा, शेकडो लोक माझ्याकडे बघतायत आणि मी हातात हार घेऊन उभी. मला घाम फुटतो, मला श्वास लागतो. तुला माहितीये. म्हणून तर इटली म्हटलं होतं." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "फोटो छान काढू आम्ही. प्रॉमिस."

ती गेल्यावर मोरेश्वरराव गॅरेजमध्ये जाऊन उगाच पाने-स्क्रूड्रायव्हर मापाप्रमाणे लावत बसले. मग त्यांनी अतुलला फोन केला.

"अतुल, सगळं कॅन्सल कर. इटलीत लग्न होत नाहीये."

पलीकडे बराच वेळ शांतता. मोरेश्वररावांना वाटलं, हाही मौनात गेला.

"काका, लग्न कॅन्सल होऊ शकतं," अतुल अखेर म्हणाला, "पण तिकिटं होत नाहीत. नॉन-रिफंडेबल आहेत. बोटसुद्धा ठरली. तुम्ही या, नका येऊ, त्या शनिवारी माणसं सान्ता पियाला असणारच. श्रूजबरीत कोणी नसेल."

मोरेश्वररावांच्या हातातला पाना खाली पडला.

"काय म्हणालास?"

"नॉन-रिफंडेबल, काका."

"नाही, त्याच्या नंतर."

"श्रूजबरीत कोणी नसेल."

मोरेश्वरराव तसेच स्वयंपाकघरात धावले. "मृणालिनी! बायपास!"

"कुणाची?" मृणालिनीबाई दचकल्या. "अहो, बसा आधी. छातीत दुखतंय का?"

"रस्त्याचा बायपास गं! इतकी वर्षं दुसरं काय केलं मी? गर्दी थांबवता येत नाही. गर्दीला वेगळा रस्ता काढून द्यायचा, की गाव रिकामं! त्या शनिवारी या गावात मराठी माणूस औषधालाही सापडणार नाही. लग्न कुठे करायचं? आपल्या बॅकयार्डात!"

चारुताने फोनवर हे दोनदा ऐकून घेतलं. "बाबा, म्हणजे डेस्टिनेशनला गेस्ट जाणार, आणि आम्ही घरी?"

"तुला चाळीस हवी होती ना? चाळीससुद्धा नाही भरणार."

"आणि इटली?"

"इटली त्यांना देऊन टाकू."

ती इतकी हसली की यशला फोन घ्यावा लागला. यश म्हणाला, "परफेक्ट."

आता एकच काम उरलं होतं आणि ते सगळ्यात कठीण होतं. शैलाला खरं सांगणं. न सांगता माणसांना समुद्रापार पाठवणं मृणालिनीबाईंना मान्य नव्हतं. पण सांगितल्यावर शैला म्हणाल्या असत्या, मग आम्ही राहतो इथेच, तर दोन्ही बसेस बॅकयार्डात उतरल्या असत्या आणि चारुता टाउन हॉलमध्ये. मोरेश्वरराव मैदानावर गेले. शैला सगळ्यात वरच्या पायरीवर बसून इलेक्ट्रोलाइटचं पाणी पीत होत्या.

मोरेश्वररावांनी सगळं सांगितलं. चारुताला घाम फुटतो तेही सांगितलं.

"म्हणजे लग्न इथे, आणि आम्ही तिथे?" शैला म्हणाल्या.

"हो."

"पोरीनं मला आधी का नाही सांगितलं? लहानपणी सुई बघून हिलाच घाम फुटायचा." त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. "आता मला सांग, लग्नच नाही म्हटल्यावर तिथे पैठणी नेसायची का?"

"तुझ्या मनावर आहे, शैला."

"मग नाही नेसत. पैठणी नेसून बोटीत चढायचं या विचाराने मला आठवडाभर झोप नव्हती." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "आणि मोरेश्वर, आम्ही इथे थांबावं अशी तुझी इच्छा असेल तर स्पष्ट सांगतेय, जमणार नाही. हे गुडघे आता तयार झालेत. ते मी तुझ्या बॅकयार्डातल्या सपाट गवतावर वाया घालवणार नाही."

मोरेश्वरराव म्हणाले, "तुझा आग्रहच असेल तर जा बाई."

बातमी ग्रुपवर गेली. एकानेही जायचं रद्द केलं नाही. दोघातिघांनी तर विचारलं की लग्नच नाही तर मुक्काम एक दिवस वाढवता येईल का.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ध्यानात आलं की गुरुजींचंही तिकीट अतुलने काढलं होतं. गुरुजी आठवडाभर एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळत आणि शनिवार-रविवार लग्नं लावत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रजा घेतली होती आणि ती परत करायची त्यांची तयारी नव्हती. ते म्हणाले, "काका, चिंता करू नका. फोनवरून लावतो. मुहूर्ताला मी लिंबांच्या बागेत उभा राहीन. फक्त आवाज जरा बारीक असेल."

शनिवार उजाडला. गावावर अशी शांतता पसरली होती की शेजारच्या अमेरिकन बाईंनी काळजीने येऊन विचारलं, कुणाची मोटारच दिसत नाही, तुमच्या लोकांचं सगळं ठीक आहे ना? बॅकयार्डात मॅपलच्या झाडाखाली दोन पाट मांडले होते. यशकडचे सहा जण वेळेच्या आधी आले आणि कुठे बसू असं विचारून तिथेच बसले. चारुताच्या मैत्रिणी, यशचे दोन मित्र, आणि शेजारच्या त्या बाई, ज्यांना मृणालिनीबाईंनी दारातच धरून आग्रहाने आत आणलं. त्यांचं निमंत्रण राहून गेलं होतं.

तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर फोन टेकवून ठेवला. त्यातून सान्ता पियाच्या लिंबांच्या बागेतून गुरुजी कुजबुजत मंत्र म्हणत होते. इतकी हळू मंगलाष्टकं कुणीच कधी ऐकली नव्हती. त्यामुळे सगळे पुढे झुकून, कान देऊन ऐकत होते, आणि प्रत्येक शब्द कळत होता. 'सावधान' हा शब्दसुद्धा गुरुजींनी असा म्हटला, जसं कुणी झोपलेल्या बाळाजवळ म्हणावं.

अंतरपाटाचं एक टोक मोरेश्वररावांच्या हातात होतं. चारुता हाताच्या अंतरावर होती. तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. गुरुजींनी कुजबुजून इशारा केला, मोरेश्वररावांनी कापड खाली सोडलं, अक्षता उडाल्या, आणि चारुताने यशकडे बघण्याआधी एक क्षण वडिलांकडे बघितलं. मोरेश्वररावांना सगळं स्पष्ट दिसलं. डोळे मात्र त्यांना लगेच पुसावे लागले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅपलची पानं हलल्याचा आवाजही ऐकू येत होता.

तेवढ्यात फोनमध्ये काहीतरी खसफसलं. गुरुजींच्या हातून फोन कुणीतरी काढून घेतला. पडद्यावर लिंबाची एक फांदी, मग भगवा टी-शर्ट, मग शैलांचा चेहरा आला. त्यांच्या पाठीमागे बागेत मंडळी मुकाट्याने फोनसाठी रांग लावून उभी होती.

"मोरेश्वर," शैला ओठांवर बोट ठेवून कुजबुजल्या, "झालं ना लग्न? छान. अभिनंदन. आता तू घरीच आहेस म्हणून सांगते, आमच्या कढीपत्त्याला तेवढं पाणी घालून येशील?"